नॅरोबोट रंगवणे आणि उन्हाळ्यात थंड ठेवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालव्यावर ५७ फुटी नॅरोबोटीत राहतो. बोट आम्ही स्वतः रंगवली आणि तिच्यातच उन्हाळे काढले. ब्रिटनमधील मराठी मंडळी आणि पुण्या-रत्नागिरीकडचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नॅरोबोट म्हणजे नक्की कशी बोट? तिचा रंग आणि तिच्यातला उकाडा हे दोन विषय एकत्र का?

नॅरोबोट ही इंग्लंड आणि वेल्समधील अरुंद कालव्यांसाठी घडलेली लांबट, सपाट बुडाची बोट आहे. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मिडलंड्समधील (मध्य इंग्लंडमधील) कालव्यांची लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेण्यासाठी पाण्याची पातळी बदलणारे दरवाजांचे हौद, सुमारे ७ फूट रुंद ठेवली. त्यामुळे बोटीची रुंदी आजही ६ फूट १० इंचांच्या आसपासच असते, लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते. पूर्वी या बोटी कोळसा आणि चिनी मातीची भांडी वाहत असत. आज राहण्यासाठी बांधलेल्या बोटी बहुतेक पोलादी असतात, आणि त्यांचे बूड १० मिलिमीटर, पाण्यातल्या बाजू ६ मिलिमीटर आणि केबिनच्या भिंती व छत ४ मिलिमीटर जाडीचे असते. या ४ मिलिमीटरच्या पत्र्याखाली फोमचा थर असतो, त्याखाली लाकडी अस्तर असते आणि त्याखाली आपण झोपलेले असतो. गंजणारा पत्रा आणि उन्हाने तापणारा पत्रा हा एकच आहे. रंग त्याला गंजापासून वाचवतो, आणि आत किती ऊन शिरेल हेही रंगच ठरवतो. हे दुसरे काम रंग निवडताना बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, आणि मग पुढची दहा वर्षे त्याची किंमत मोजावी लागते.

२. इंग्लंडमध्ये असा कितीसा उन्हाळा असतो, की बोट थंड ठेवण्याची चिंता करावी?

नागपूरच्या मे महिन्याशी तुलना केली, तर बरेचसे दिवस सुखाचेच असतात. मात्र १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि ब्रिटनमध्ये चाळिशी पहिल्यांदाच ओलांडली गेली. हवा २८ अंशांवर असली, तरी बोटीचा त्रास सुरू होतो, कारण उन्हात पडलेला पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. शिवाय जूनमध्ये येथे पहाटे पाचच्या आत सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊपर्यंत मावळत नाही, त्यामुळे पत्र्याला निवायला रात्र पुरत नाही. दोन-तीन कडक दिवस लागून आले की तिसऱ्या रात्री केबिनमध्ये झोप लागत नाही. लहान मुले, वृद्ध आणि कुत्री-मांजरे बोटीत असतील, तर हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

३. छताला कोणता रंग द्यावा? जुन्या पद्धतीचा गेरूसारखा लाल चालेल का?

आमचे मत स्पष्ट आहे. राहत्या बोटीचे छत फिकेच असावे. मलई, फिका राखाडी किंवा वाळूसारखा फिका पिवळट यांपैकी कोणताही रंग चालेल. काळा, गडद निळा किंवा गडद हिरवा पृष्ठभाग अंगावर पडलेल्या उन्हापैकी ढोबळमानाने ९० टक्के शोषून घेतो, मलई रंग साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक शोषतो, आणि गेरूचा लाल या दोहोंच्या मध्ये, पण गडदाच्या बाजूला झुकलेला असतो. भर दुपारी सूर्यासमोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९०० वॉटच्या आसपास ऊन पडते आणि आपल्या छताचे क्षेत्रफळ वीस चौरस मीटरच्या घरात असते. एवढ्या दोन आकड्यांवरूनच रंगाचे महत्त्व ध्यानात यावे.

आमच्या बोटीचे छत आधी गडद हिरवे होते. ते रंगवताना पुढचा अर्धा भाग मलई रंगाचा झाला आणि मागचा अर्धा पावसामुळे आठवडाभर तसाच राहिला. त्या आठवड्यातल्या एका दुपारी मी दोन्ही भागांवर एकाच वेळी एकेक तळहात टेकवला. मलई भागावर हात निवांत राहिला, आणि हिरव्या भागावरचा हात तीन मोजण्याच्या आत उचलावा लागला. त्या दिवसानंतर आमच्या घरात छताच्या रंगावर चर्चा झाली नाही.

शुभ्र पांढरा रंग सर्वांत थंड राहतो, पण सुकाणू धरून उभे राहणाऱ्याच्या डोळ्यांवर त्याची तिरीप येते आणि त्यावर प्रत्येक पानाचा डाग दिसतो, म्हणून त्यात किंचित राखाडी किंवा पिवळट छटा असावी. परंपरेचे मन मोडवत नसेल, तर हँडरेल आणि कडेच्या पट्ट्या लाल ठेवून मधले छत फिके करावे. बाजूच्या भिंती गडद ठेवायला आमची हरकत नाही, कारण भर दुपारचे ऊन उभ्या भिंतीवर तिरपे पडते. जुनी ऐतिहासिक बोट असेल, तर प्रश्न १७ पाहावा.

४. बोट किती वर्षांनी रंगवावी लागते?

पाण्यावरचा भाग आणि पाण्याखालचा भाग यांचे हिशेब वेगळे आहेत. पाण्यावरचा चांगला रंग साधारण आठ ते दहा वर्षे टिकतो. छत त्याआधी थकते, कारण ऊन, पाऊस, दोरखंड आणि बूट यांचा सगळा मार तेच सोसते. पाण्याखालच्या भागाला डांबरी लेप असेल, तर दर दोन-तीन वर्षांनी बोट ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून कोरड्या केलेल्या गोदीत, घ्यावी लागते (प्रश्न १०). कोकणात पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, डागडुजी करून रंगवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात नेतात. तशी वर्षाची ठरलेली वेळ येथे नाही. म्हणूनच ती आपली आपण ठरवून पाळावी लागते.

५. रंगकामासाठी कोणता महिना आणि दिवसाची कोणती वेळ चांगली?

मेचा उत्तरार्ध ते सप्टेंबरची सुरुवात हा काळ योग्य आहे, मात्र ऐन उन्हाची लाट टाळावी. एनॅमलसाठी १० ते २५ अंशांचे तापमान सोयीचे असते. हवेपेक्षा पत्र्याचे तापमान अधिक महत्त्वाचे असते. पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन साचते त्यापेक्षा, किमान ३ अंश गरम असेल तरच रंग लावावा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल रंगाखाली अडकते. निरभ्र रात्री छत आपली उष्णता आकाशात टाकून हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर दव साचते. हे दव सकाळी नऊ-दहापर्यंत वाळत नाही आणि संध्याकाळी पुन्हा पडू लागते.

म्हणून आमचा नियम असा, की सकाळी दव वाळल्यावर पत्रा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा, सावलीतली बाजू आधी रंगवावी, ऊन फिरेल तसे आपण बाजू बदलावी आणि दुपारी दोननंतर चकचकीत रंगाचा डबा उघडू नये. हा नियम आम्हाला एका फसलेल्या कामाने शिकवला. सप्टेंबरच्या मध्यावर एका सुंदर दिवशी आम्ही डाव्या बाजूचा शेवटचा हात संध्याकाळी पाच वाजता संपवला. आरशासारखी चकाकी पाहून समाधानाने झोपलो. सकाळी पाहिले, तर संपूर्ण बाजूवर दुधावरच्या सायीसारखा निस्तेज पापुद्रा आलेला होता. ओल्या रंगावर दव बसले होते. दहा दिवस थांबून ती बाजू पुन्हा घासावी लागली आणि पुन्हा रंगवावी लागली.

६. जुना रंग पूर्ण काढावाच लागतो का? गंज दिसला तर काय करावे?

जुना रंग घट्ट धरून असेल, तर तो काढू नये. तोच सर्वांत चांगला पाया असतो. आधी साबणाच्या पाण्याने मेण, काजळी आणि तेलकटपणा धुऊन काढावा. न धुता घासले, तर पॉलिश पेपर तीच घाण पत्र्यात रगडतो. नंतर १२० ते १८० नंबरच्या कागदाने सगळी चकाकी घालवावी.

गंजाच्या बाबतीत मात्र दयामाया नको. खिडक्यांच्या चौकटींच्या खालच्या कडा, हँडरेलच्या बुडाशी असलेली खाच, छतावरच्या मशरूम व्हेंटभोवतीचे (अळंबीच्या आकाराच्या हवेच्या झरोक्यांभोवतीचे) वर्तुळ आणि कुंड्या किंवा लाकडे ठेवण्याची जागा येथे गंज हमखास सापडतो. फोड दिसतो बोटाच्या पेराएवढा आणि खरवडल्यावर तळहाताएवढा निघतो. पत्रा पांढरा लखलखीत दिसेपर्यंत ग्राइंडरने किंवा तारेच्या ब्रशने साफ करावा, खड्ड्यांत गंजरोधक द्रावण लावावे आणि त्याच दिवशी प्राइमर मारावा. उघडा पत्रा एक रात्रही तसा ठेवू नये. कडा ८० नंबरच्या कागदाने उतरत्या करून घ्याव्यात, नाहीतर चकचकीत रंगाखाली त्या नकाशातल्या सीमारेषांसारख्या उठून दिसतात. खड्डे लांबीने (पुटीने) भरायचे असतील, तर इपॉक्सी लांबी वापरावी.

बोट जुनी असेल आणि तळाशी १९७० पूर्वीचे थर असण्याची शक्यता असेल, तर त्यांत शिसे असू शकते. आधी चाचणी करावी आणि कोरडे न घासता पाणी लावून घासावे. घासलेली धूळ आणि रंग कालव्यात जाऊ देऊ नये. पाणी प्रदूषित करणे हा गुन्हा आहे, आणि त्याच पाण्यात बदकांची पिल्ले फिरत असतात.

७. एकूण किती हात द्यावेत आणि कोणता रंग घ्यावा?

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेट प्राइमरचे दोन हात, सर्वत्र अंडरकोटचे दोन हात आणि वर एनॅमलचे दोन किंवा तीन हात द्यावेत. अंडरकोटचा रंग वरच्या रंगाच्या जवळपासचा, पण किंचित वेगळा असावा, म्हणजे सुटलेली जागा लगेच दिसते. प्रत्येक दोन हातांच्या मध्ये २४० ते ४०० नंबरच्या कागदाने हलके घासून, धूळ पुसून मगच पुढचा हात द्यावा. आमच्या लांबीच्या बोटीच्या दोन्ही बाजूंना एका हातासाठी साधारण अडीच लिटर रंग लागतो.

हाताने रंगवणाऱ्याने कोच एनॅमल प्रकारातला, म्हणजे पूर्वी घोडागाड्या आणि ट्रक रंगवण्यासाठी वापरत तसा एकाच डब्यातला रंग घ्यावा. क्राफ्टमास्टरसारख्या कंपन्या बोटींसाठी तो बनवतात. एका कंपनीचा प्राइमर आणि दुसऱ्या कंपनीचा वरचा रंग असा मेळ घालू नये. दोन डब्यांतले मिश्रण करून लावायचा पॉलियुरेथेन रंग अधिक टणक असतो, पण त्यातले आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दम्याचा कायमचा विकार जडू शकतो. बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय तो फवारू नये. ते काम धंदेवाईक कारागिरावर सोपवावे.

८. ब्रशने लावावा की रोलरने? ब्रशचे ओरखडे राहू नयेत म्हणून काय करावे?

दोन्ही हवेत, आणि शक्यतो दोन माणसे हवीत. एकाने फोमच्या छोट्या रोलरने हातभर रुंदीचा पट्टा छतापासून खालपर्यंत लावायचा आणि दुसऱ्याने लगेच मऊ केसांच्या रुंद ब्रशचे केवळ टोक टेकवत, काहीही वजन न देता, तो वरून खाली सरळ ओढायचा. रोलरने आलेले बुडबुडे त्याने फुटतात. पुढचा पट्टा लावेपर्यंत आधीच्या पट्ट्याची कड ओली राहिली पाहिजे, कारण वाळलेल्या कडेवर नवा रंग चढला की कायमचा जोड दिसतो. म्हणून एक बाजू सुरू केली की मध्ये चहाला थांबता येत नाही. खिडकीच्या चौकटी आल्या की दोघांचाही वेग कमी होतो, तेव्हा चौकटीभोवतीचा भाग आधी छोट्या ब्रशने भरून घ्यावा.

गरम पत्र्यावर ब्रश जड होतो आणि रंग दोरीसारखा ओढला जातो. तसे जाणवताच थांबावे, कारण जास्त थिनर ओतून ते निभावत नाही. रंग पातळ झाला की ओघळ येतात. मास्किंग टेप शेवटचा हात पूर्ण वाळण्याआधी, रंग चिकट असतानाच हळूच काढावी.

९. छतावर आणि कडेवर पाय घसरू नये म्हणून वाळू टाकतात, ती कशी?

बाजूच्या अरुंद कडेवर आणि छतावरून चालण्याच्या पट्ट्यांवर आधी रंगाचा भरपूर हात द्यावा, तो ओला असतानाच भट्टीत वाळवलेली बारीक वाळू चाळणीने सढळ हाताने पसरावी, पूर्ण वाळल्यावर सुटी वाळू झाडून घ्यावी आणि वर आणखी दोन हात द्यावेत. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू वापरू नये, कारण तिच्यातले मीठ गंज धरते. वाळूचा पट्टा धूळ धरतो आणि कालांतराने काळवंडतो. काळवंडलेले फिके छत पुन्हा ऊन शोषू लागते, म्हणून वर्षातून दोनदा मऊ ब्रशने ते धुवावे.

१०. पाण्याखालच्या भागाला डांबर लावावे की इपॉक्सी?

नवी बोट असेल किंवा पत्रा वाळूच्या माऱ्याने पूर्ण साफ करून घेण्याची ऐपत असेल, तर इपॉक्सी लावावे. तो लेप डांबरापेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकतो. जुन्या डांबरावर इपॉक्सी चालत नाही. डांबराचा अंशही राहिला, तर इपॉक्सी सुटतो. आधीचे डांबर असेल आणि बजेट बेताचे असेल, तर उच्च दाबाच्या पाण्याने धुऊन, शेवाळ खरवडून पुन्हा डांबराचे दोन-तीन हात द्यावेत आणि पाण्यात सोडण्यापूर्वी दोन-तीन दिवस वाळू द्यावे. बाजूंना जोडलेल्या मॅग्नेशियमच्या अॅनोडवर चुकूनही काही फासू नये. पत्र्याऐवजी ते झिजावेत यासाठीच ते असतात. बोट कोरडी असताना पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घ्यावी. या भागाचा आतल्या थंडाव्याशी संबंध नाही, कारण पाण्याखालच्या पत्र्याचे तापमान कालव्याचे पाणी ठरवते.

११. गुलाब आणि किल्ल्यांची चित्रे स्वतः काढावीत का?

अवश्य काढावीत, पण आधी पाण्याच्या डब्यावर किंवा फळीवर हात बसवावा. नॅरोबोटींवरची ही पारंपरिक चित्रकला एकोणिसाव्या शतकात, बोटीवरच संसार थाटणाऱ्या कुटुंबांमध्ये रुजली. गुलाबाची पाकळी म्हणजे भरलेल्या ब्रशचा एकच फटकारा असतो. तो दुरुस्त करत बसले की पाकळी मरते. सरावाशिवाय हे साधत नाही. चित्रांवर वार्निश द्यावे, कारण लाल आणि पिवळे रंग उन्हात आधी विटतात. बोटीचे नाव आणि परवान्याचा क्रमांक रंगकामात झाकला जातो, तो दोन्ही बाजूंना पुन्हा लिहून घेण्यास विसरू नये.

१२. आतून पडदे लावूनही केबिन तापते. काय चुकते आहे?

पडदे आत आहेत, हेच चुकते आहे. ऊन काचेतून एकदा आत आले, की पडदा तापतो आणि ती उष्णता केबिनमध्येच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवले पाहिजे. चंदेरी बुडबुड्यांच्या फॉइलचे तुकडे खिडकीच्या मापाने कापून, चुंबकांनी बाहेरच्या पत्र्यावर चिकटवावेत. पोलादी बोटीचा हा मोठा फायदा आहे. उन्हाच्या बाजूच्या खिडक्या सकाळी ऊन येण्याआधी झाकाव्यात आणि ऊन फिरले की फॉइलही फिरवावीत. खर्च अगदी थोडा आणि परिणाम त्याच दिवशी दिसणारा असा दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही. रंग ताजा असेल, तर चुंबकांबद्दल प्रश्न १६ आधी वाचावा.

१३. बोट कोणत्या दिशेला आणि कुठे बांधावी? झाडाखाली बांधली तर?

शक्य असेल तेथे बोटीची लांबी पूर्व-पश्चिम राहील अशी जागा निवडावी. मिडलंड्समध्ये जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर ऊन तिरपे पडते. बोट दक्षिणोत्तर असेल, तर संध्याकाळी पाच-सहाचे उतरते ऊन संपूर्ण पश्चिम बाजूवर आणि तिच्या सगळ्या खिडक्यांवर सरळ येते, आणि तेही दिवसभर तापलेल्या केबिनवर. जागा बदलता येत नसेल, तर वाइंडिंग होलवर, म्हणजे बोट फिरवण्यासाठी कालवा रुंद केलेला असतो तेथे, बोट उलटी करून मोठ्या खिडक्यांची बाजू सावलीकडे घ्यावी.

झाडाची सावली सर्वांत उत्तम, पण लाइम वृक्ष (आपले लिंबू नव्हे) आणि सिकॅमोर यांच्यावरील मावा कीड उन्हाळ्यात चिकट गोड द्रव गाळते. तो रंगावर वाळला, की त्यावर काळी बुरशी चढते. अशा झाडाखाली राहायचेच असेल, तर दर दोन दिवसांनी छत कोमट पाण्याने धुवावे. पक्ष्यांची विष्ठा तर त्याच दिवशी काढावी, कारण ती एनॅमल खाते. ज्यांच्याकडे कायमची जागा नाही, त्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सहसा सलग १४ दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. उन्हाळ्यात हे बंधन आपल्या बाजूचे ठरते. पुढची सावली शोधण्याचे निमित्त आपोआप मिळते.

१४. फोमचे इन्सुलेशन चांगले आहे, तरी रात्री का उकडते? छतावरील व्हेंट दिवसा बंद करावेत का?

फोम उष्णता अडवतो, तशीच आत आलेली उष्णता कोंडूनही ठेवतो. म्हणून दिवसा बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असताना खिडक्या झाकलेल्या आणि बऱ्याचशा बंद ठेवाव्यात. सूर्य कलल्यावर बाहेरची हवा निवली, की पुढचे आणि मागचे दार, बाजूचे झाप आणि छतावरची हॅच उघडून आरपार वारा घ्यावा. आत आणि बाहेर एकेक स्वस्त थर्मामीटर लावला, की कोणत्या वेळी उघडायचे हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. दारांना जाळी हवी, कारण संध्याकाळी पाण्यावर चिलटे उठतात.

छतावरील मशरूम व्हेंट मात्र कधीही बुजवू नयेत. गॅसची शेगडी आणि स्टोव्ह असलेल्या बंद पोलादी खोलीत ती श्वासाची वाट आहे. एप्रिल २०१९ पासून बोटींवर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बंधनकारक आहे, ते चालू असल्याची खात्री करावी.

इंजिन संध्याकाळी चालवणे हेही उकाड्याचे एक दुर्लक्षित कारण आहे. इंजिनाची उष्णता बोटीच्या बाजूला असलेल्या टाकीतून कालव्यात जात असली, तरी काही भाग इंजिनघरात आणि गरम पाण्याच्या टाकीत राहतो, आणि ती टाकी बहुधा आपल्या पलंगाखालीच असते. बॅटरी चार्ज करायची असेल, तर सकाळी करावी. फार उकडले, तर गादी जमिनीवर घ्यावी. खालचा पत्रा पाण्यात असल्याने बोटीतली सर्वांत थंड जागा तीच आहे.

१५. छतावर पाणी मारावे का? वाळ्याचे पडदे चालतील का? आणि सरळ एसी का लावू नये?

पाणी मारणे फारच उपयोगी आहे. एक लिटर पाणी वाफ होताना विजेच्या सुमारे दोन तृतीयांश युनिटइतकी उष्णता घेऊन जाते. नुसते पाणी ओतले की ते वाहून जाते, म्हणून छतावर पांढऱ्या सुती चादरी पसरून त्या ओल्या ठेवाव्यात. रंगीत चादरीचा रंग फिक्या छतावर उतरतो. कालव्याचे पाणी वापरता येते, पण त्यात उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. हाताला जखम असल्यास हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. नळाच्या जड पाण्याचे पांढरे डाग रंगावर बसतात, ते वाळण्याआधी पुसावेत.

वाळ्याच्या पडद्याचे तत्त्व येथेही चालते, कारण उन्हाच्या लाटेत इंग्लंडच्या दुपारी बऱ्याचदा कोरड्या असतात. मात्र ओला पडदा वारा आत येणाऱ्या उघड्या खिडकीतच असावा. बंद केबिनमध्ये ओले कपडे टांगले, तर दमटपणा वाढतो, आणि रात्री पत्रा निवला की तीच वाफ अस्तरामागे पाणी होऊन बसते.

एसीचा हिशेब साधा आहे. लहान फिरता एसी सुमारे १,००० वॉट घेतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास. ४०० अँपिअर-तासांच्या लेड-अॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची असल्याने दोन तासांत ती संपते. किनाऱ्यावरची वीज जोडलेली असेल तरच हा विचार करावा. १० वॉटचा १२ व्होल्टचा पंखा मात्र रात्रभरात सात अँपिअर-तासही घेत नाही. छतावरचे सौर पॅनल हवा खेळेल एवढी फट ठेवून बसवले, तर त्यांच्याखाली छताला सावली मिळते आणि पॅनलही कमी तापून अधिक वीज देतात.

१६. नवा रंग दिला आणि लगेच उन्हाची लाट आली. आता छतावर फोड आले आहेत. रंग वाईट होता का?

बहुधा रंग वाईट नसतो. फोड चाकूने कापून आत पाहावे. आत उघडा पत्रा आणि तांबूस ओल दिसली, तर खाली गंज किंवा दव राहून गेले होते (प्रश्न ५ व ६). दोन थरांच्या मध्ये फोड असेल आणि थिनरचा वास येत असेल, तर आधीचा हात सुकण्यापूर्वीच पुढचा दिला गेला किंवा गरम पत्र्यावर रंगाची वरची साय आधी वाळली आणि आतले द्रावण अडकले. वेल्डिंगच्या रेषेवर भेगा असतील, तर पत्र्याचे प्रसरण हे कारण असू शकते. १७ मीटर लांबीचे छत ३० अंशांनी तापले, की सुमारे ६ मिलिमीटर लांबते आणि खालचा पाण्यातला भाग तसाच थंड असतो. रंगाचा थर फार जाड झाला असेल, तर तो हा ताण सोसत नाही. फिक्या छतावर हा खेळ कमी होतो.

एनॅमल एका रात्रीत हाताला कोरडे लागते, पण टणक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर त्यावर चुंबक, फॉइल, दोरखंड, चटई किंवा ओली चादर ठेवू नये. ठसे कायमचे राहतात. त्या काळात उकाडा झाला, तर दोन खांबांवर पांढरे कापड छतापासून हातभर उंच ताणावे. हवा मधून खेळते आणि रंगाला काही लागत नाही.

१७. आमची बोट जुनी मालवाहू आहे आणि मूळ रंगसंगती बदलायची नाही. लाकडी बोट असेल तर?

फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या जुन्या मालवाहतूक कंपनीचे किंवा कालव्यांच्या राष्ट्रीयीकरणानंतरचे निळे-पिवळे रूप जपणाऱ्यांनी ते जपावे. एका उन्हाळ्यासाठी इतिहास पुसू नये. अशा बोटीवर उत्तर रंगात शोधायचे नाही. वर सांगितलेले ताणलेले कापड, बाहेरची फॉइल आणि बांधण्याची दिशा हेच उपाय वापरावेत. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने काळ्या छतावर बसेल अशी पांढऱ्या कॅनव्हासची सुटी चादर शिवून घेतली आहे. मेळाव्याच्या दिवशी ती गुंडाळली, की बोट पुन्हा मूळ रूपात दिसते.

लाकडी बोटीचा प्रश्न निराळा आहे. लाकूड पोलादासारखे तापत नाही, पण उन्हाने पाण्यावरच्या फळ्या सुकून आकसतात, सांधे उघडतात आणि नंतर माल किंवा पाणी भरल्यावर बोट खोल बसली, की त्याच सांध्यांतून पाणी येते. म्हणून कडक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ फळ्यांवर कालव्याचे पाणी मारून त्या ओलसर ठेवाव्यात, उन्हाची बाजू अधूनमधून बोट फिरवून बदलावी, आणि सांध्यांत भरलेले साहित्य उन्हाळा संपण्याच्या आत एकदा बोटाने दाबून पाहावे.